नाण्यावरचा चेहरा आणि नाण्यातली चांदी

जुन्या चांदीच्या नाण्यांच्या बाजारात एक सदर हमखास आढळते. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको, पेरू या देशांनी विसाव्या शतकात काही नाणी अशी पाडली, की ज्यांवर तिथल्या मूळच्या लोकांचे चेहरे आहेत, त्यांच्या होड्या आहेत, त्यांचे कोरीव खांब आहेत. ही सगळी नाणी एकत्र करून व्यापारी त्यांना 'मूलनिवासींच्या इतिहासाचा सन्मान करणारी नाणी' म्हणतात आणि हौशी माणसे त्याच नावाने ती विकत घेतात. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो आणि पगारातून जमेल तशी नाणी जमवतो. यांतली काही माझ्याजवळ आहेत, काही इतरांच्या संग्रहात पाहिली आहेत. आमच्या अभ्यास मंडळात मी ती एकदा मांडली, तेव्हा एका विद्यार्थिनीने सरळच विचारले, "सर, ज्यांनी त्यांची जमीन घेतली त्यांनीच हे नाणे पाडले ना? मग यात सन्मान कोणाचा? आणि आपण ते कपाटात जपून का ठेवायचे?"

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. किंबहुना आपल्या चळवळीच्या दृष्टीने तो नाण्यांपुरता राहतच नाही. प्रस्थापित सत्ता शोषितांचा गौरव करते तेव्हा त्या गौरवाचे काय करायचे, हा तो प्रश्न आहे. पुतळे, टपाल तिकिटे, जयंत्या, रस्त्यांची नावे, सगळीकडे आपल्याला तो भेटतो. नाण्यात तो हातात धरता येतो, म्हणून तिथे त्याची चिकित्सा सोपी जाते.

सराफ नाणे घेताना त्यावरचे चित्र पाहून घेत नाही. तो ते दगडावर वाजवतो आणि कान देतो. 'सन्मान' हा शब्दही असाच वाजवून घेतला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. वाजवायचा दगड कोणता? तर त्याच देशाचे, त्याच वर्षांचे कायद्याचे पुस्तक. नाण्यावर ज्यांचा चेहरा आहे त्यांच्या जमिनीबद्दल, मताबद्दल, भाषेबद्दल ते पुस्तक काय म्हणत होते, एवढे पाहिले की नाणे खरे की खोटे ते कळते.

सुरुवात संग्राहकांच्या सर्वात लाडक्या नाण्याने करू. अमेरिकेचा ऑरेगन ट्रेल स्मारक अर्धा डॉलर. १७ मे १९२६ च्या कायद्याने त्याला मंजुरी मिळाली आणि मधली काही वर्षे सोडून १९३९ पर्यंत तो पाडला जात होता. वजन साडेबारा ग्रॅम, त्यात शेकडा ९० चांदी. जेम्स अर्ल फ्रेझर आणि लॉरा गार्डिन फ्रेझर या शिल्पकार दांपत्याने तो घडवला. एका बाजूला बैल जोडलेली, कापडी छपराची गाडी मावळत्या सूर्याकडे निघाली आहे. दुसऱ्या बाजूला अमेरिकेच्या नकाशावर एक पुरुष उभा आहे. डोक्याला पिसांचा शिरपेच, हाती धनुष्य, एक हात लांब पसरलेला. कलाकृती म्हणून हे नाणे उत्तम आहे, हे मान्यच केले पाहिजे. इतक्या लहान वर्तुळात माणूस इतका ताठ उभा करणे सोपे नाही. त्या पसरलेल्या हाताचा अर्थ 'थांबा' असा घेणारेही आहेत, आणि तसा अर्थ घेतला तर चित्र अधिकच बोलके होते.

पण आता ते दगडावर वाजवा. ज्या कायद्याने हे नाणे पाडले, त्याच्या लेखी गौरव होता ऑरेगनच्या वाटेने पश्चिमेकडे गेलेल्या वसाहतकऱ्यांचा. ऑरेगन ट्रेल मेमोरियल असोसिएशन या संस्थेने ही नाणी दर्शनी किमतीपेक्षा जास्त दराने विकली, ती त्याच वसाहतकऱ्यांची स्मारके उभारण्यासाठी. म्हणजे चेहरा एकाचा, कायदा दुसऱ्याचा आणि पैसाही दुसऱ्याचाच. ज्याचा चेहरा आहे त्याला अमेरिकेचे नागरिकत्व सरसकट मिळाले ते १९२४ साली, म्हणजे हे नाणे निघण्याच्या अवघी दोन वर्षे आधी. आपल्याच देशात नागरिक व्हायला त्याला इतकी वर्षे वाट पाहावी लागली. आणि त्याची जमीन? १८८७ च्या डॉज कायद्याने जमातींच्या सामूहिक जमिनींचे तुकडे पाडले, माणशी वाटप केले आणि 'उरलेली' म्हणून बाकीची जमीन गोऱ्यांना खुली केली. त्या वर्षी या लोकांकडे सुमारे १३ कोटी ८० लाख एकर जमीन होती. १९३४ साली हे धोरण थांबले तेव्हा सुमारे ४ कोटी ८० लाख एकर उरली होती. हा अर्धा डॉलर नेमका त्या पडझडीच्या काळातला आहे. एका टेबलावर जमिनीचे कागद फिरत होते, दुसऱ्या टेबलावर त्याच माणसाचा चेहरा चांदीत उमटत होता.

दुसरे उदाहरण आर्कान्सा राज्याच्या शताब्दीचे. १९३५ ते १९३९ या काळात पाडलेल्या या अर्ध्या डॉलरवर दोन चेहरे एकावर एक, एकाच दिशेला पाहणारे आहेत. एक १८३६ सालचा मूलनिवासी सरदार, दुसरी १९३५ सालची अमेरिकन तरुणी. शंभर वर्षांच्या मैत्रीचे चित्र आहे म्हणा ना! आर्कान्सा १८३६ साली राज्य झाले. या राज्याला नाव मिळाले ते क्वापॉ जमातीमुळे, कारण शेजारच्या जमाती त्यांना ज्या नावाने ओळखत त्यातूनच हा शब्द आला. पण १८१८ आणि १८२४ च्या तहांनी क्वापॉंची तिथली जमीन घेतली गेली आणि १८३३ च्या तहानंतर त्यांना राज्याबाहेर पाठवण्यात आले. नाण्यावरच्या सरदाराच्या चेहऱ्याला जे साल लावले आहे, त्या सालापूर्वीच ज्यांचे नाव राज्याला मिळाले ते लोक राज्यातून हाकलले गेले होते. आणि या सरदाराला नाव नाही. तरुणीलाही नाही हे खरे, पण ती स्वातंत्र्यदेवतेच्या रूपात आहे, तिच्या अंगावर सबंध राष्ट्र आहे. सरदार केवळ 'इंडियन' आहे. तो शब्दही कोलंबसाच्या चुकीतून आलेला.

आता कॅनडाकडे वळू. कॅनडाचा पहिला चांदीचा डॉलर १९३५ साली, राजे पाचवे जॉर्ज यांच्या कारकिर्दीला पंचवीस वर्षे झाली म्हणून निघाला. एमॅन्युएल हान या शिल्पकाराने त्यावर एक होडी कोरली आहे. तीत फरचा व्यापार करणारा एक फ्रेंच-कॅनडियन नावाडी आणि एक मूलनिवासी, दोघे मिळून वल्ही मारत आहेत. चित्र लोभस आहे, पुढे पन्नास वर्षे कॅनडाच्या डॉलरवर ते कायम राहिले. होडीत गठ्ठे आहेत आणि भिंगातून पाहिले तर एका गठ्ठ्यावर दोन अक्षरे दिसतात. ती हडसन्स बे कंपनीची. १६७० साली इंग्लंडच्या राजाने या कंपनीला एका अवाढव्य मुलुखावर हक्क दिला आणि १८६९-७० मध्ये तो मुलुख कंपनीकडून कॅनडाच्या हाती गेला. कंपनीला मिळाले तीन लाख पौंड. तिथे राहणाऱ्यांना कोणी विचारले नाही. नाण्यावर दोघे वल्ही मारतात, पण गठ्ठा कोणाचा हे त्या दोन अक्षरांनी सांगून टाकले आहे. शिल्पकार इथे आपल्या आश्रयदात्यांपेक्षा प्रामाणिक निघाला.

या नाण्याच्या वेळी कॅनडाचा कायदा काय म्हणत होता? १९२७ साली तिथल्या इंडियन ॲक्टमध्ये अशी तरतूद घातली गेली, की मूलनिवासींच्या जमिनीच्या दाव्यासाठी सरकारी परवानगीशिवाय पैसे गोळा करणे हा गुन्हा. म्हणजे वकील देण्यासाठी वर्गणी काढली तरी तुरुंग. ही तरतूद १९५१ पर्यंत टिकली. आपल्यापैकी ज्यांनी गायरान जमिनीच्या खटल्यासाठी वस्तीत झोळी फिरवली आहे, त्यांना या कलमाचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

१९५८ साली कॅनडाने आणखी एक चांदीचा डॉलर काढला, ब्रिटिश कोलंबियाच्या शताब्दीनिमित्त. त्यावर पर्वतांच्या पार्श्वभूमीवर एक टोटेम खांब आहे, म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरच्या जमाती आपल्या कुळाची ओळख ज्यावर कोरतात तो लाकडी स्तंभ. असा खांब उभारण्याचा सोहळा पॉटलॅचशी जोडलेला असे. पॉटलॅच म्हणजे सामूहिक दानाचा आणि भोजनाचा उत्सव. या उत्सवावर सरकारने १८८४ साली कायदा करून बंदी घातली आणि ती १९५१ साली उठवली. उत्सव बंद पाडला, उत्सवाच्या वस्तू जप्त करून संग्रहालयांत नेल्या, आणि बंदी उठून सात वर्षे होतात न होतात तोच तो खांब चांदीच्या डॉलरवर आला. शिवाय ज्यांचा तो खांब, त्यांना देशाच्या निवडणुकीत विनाअट मत मिळाले ते १९६० साली. १९५८ च्या नाण्यावर त्यांचा खांब चालला, पेटीत त्यांचे मत चालले नाही.

ही चार नाणी शेजारी ठेवली की एक रीत दिसून येते. मूलनिवासी नाण्यावर येतो तो भूतकाळातला म्हणून. तो गेलेला असतो, किंवा गेलेला आहे असे गृहीत धरलेले असते. जो गेला तो जमीन मागत नाही, म्हणून त्याचा सन्मान स्वस्त पडतो. ही रीत आपल्याला परकी नाही. पंढरपूरला विठ्ठलाच्या महाद्वारी चोखोबांची समाधी आहे. शतकानुशतके वारकरी तिथे माथा टेकत आले. पण चोखोबांच्या जातीच्या माणसाला त्या दारातून आत जायला १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले. मेलेल्या महाराला पायरीशी मान, जिवंत महाराला पायरीपलीकडे मज्जाव. ऑरेगनच्या नाण्यात आणि महाद्वारात अंतर हजारो मैलांचे असले, तरी व्यवहार एकच आहे.

येथवर चेहऱ्याचे झाले. पण चांदीच्या नाण्याला आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे चांदी. संग्राहकांच्या लिखाणात चित्राबद्दल पानेच्या पाने असतात. धातूबद्दल शुद्धता आणि वजन यांपलीकडे शब्द नसतो. तो धातू कोणी खणला?

आजच्या बोलिव्हियात पोटोसी नावाचे गाव आहे आणि त्याच्या डोक्यावर सेरो रिको, म्हणजे श्रीमंत डोंगर, उभा आहे. १५४५ साली स्पॅनिशांना तिथे चांदी सापडली. १५७० नंतरच्या दशकात व्हाइसरॉय तोलेदो याने त्या खाणींसाठी मिता नावाची पद्धत लावून दिली. आसपासच्या प्रांतांतल्या आदिवासी गावांनी दर वर्षी आपल्या कर्त्या पुरुषांपैकी सुमारे एक सप्तमांश खाणीवर पाठवायचे. दर वर्षी तेरा हजारांवर माणसे अशी जात. आपल्या भाषेत याला एकच शब्द आहे: वेठ. चांदी वेगळी करायला पारा वापरत, तो पेरूतल्या वानकावेलिका इथल्या खाणींतून येई आणि तिथेही वेठच होती. पाऱ्याच्या वाफेने माणसे मरत. डोंगरातून निघालेल्या चांदीची नाणी तिथल्याच टांकसाळीत पडत आणि ती नाणी जगभर गेली.

जगभर म्हणजे आपल्याकडेही. युरोपच्या आणि तांबड्या समुद्राच्या वाटेने ही चांदी सुरतेच्या बंदरात उतरे, मोगलांच्या टांकसाळींत वितळे आणि तिचे रुपये पडत. जहागीरदाराचा वसूल, सावकाराचे व्याज, पाटलाचा सारा या रुपयांत मोजला जाई. अँडीजच्या डोंगरातल्या वेठबिगाराने उपसलेली चांदी आपल्याकडच्या कुणब्याच्या आणि महाराच्या घामाचे मोजमाप झाली. पृथ्वीच्या दोन टोकांची ही दोन माणसे एकमेकांना कधी भेटली नाहीत, पण एकाच धातूने दोघांना बांधले होते. चांदीवर आदिवासीचा चेहरा विसाव्या शतकात उमटला. त्याचा हात तिच्यात सोळाव्या शतकापासून आहे. आदिवासींचा इतिहास सांगणारी नाणी गोळा करायची असतील, तर पोटोसीचे चेहराही नसलेले ओबडधोबड नाणे मी सर्वात आधी ठेवीन.

मिता संपवा, ही मागणी घेऊन जो सर्वात मोठा उठाव झाला तो १७८० सालचा. त्याचा नेता होसे गाब्रिएल कोंदोरकांकी. शेवटच्या इंका राजाचे नाव घेऊन तो दुसरा तुपाक अमारू झाला. १८ मे १७८१ रोजी कुस्कोच्या चौकात स्पॅनिशांनी त्याला त्याच्या कुटुंबीयांसह ठार केले. पुढे जवळजवळ दोनशे वर्षांनी, १९७१ साली, पेरूच्या स्वातंत्र्याला दीडशे वर्षे झाल्याबद्दल निघालेल्या ५० सोलच्या चांदीच्या नाण्यावर तुपाक अमारू आला. हे नाणे वाजवून पाहिले तर आवाज वेगळा येतो. या माणसाला नाव आहे, कर्तृत्व आहे, शत्रू आहे. आणि नाण्याच्या दोनच वर्षे आधी, २४ जून १९६९ रोजी, तिथल्या सरकारने मोठ्या जमीनदारांच्या जमिनी काढून घेणारा कायदा केला होता. तो दिवस पूर्वी 'इंडियनांचा दिवस' म्हणून साजरा होई, तो 'शेतकऱ्यांचा दिवस' ठरला. १९७५ साली केचुआ भाषेलाही अधिकृत दर्जा मिळाला. ते सरकार लष्करी होते, लोकांनी निवडलेले नव्हते, आणि त्या जमीन सुधारणेत पुष्कळ काही अर्धवट राहिले, हे मी विसरत नाही. तरीही नाण्याच्या आधी जमिनीचा कायदा आला, हा क्रम महत्त्वाचा आहे. ऑरेगनच्या नाण्यात तो नेमका उलटा होता.

मेक्सिकोचे १९४७-४८ चे पाच पेसोंचे नाणे या दोहोंच्या मधले आहे. तीस ग्रॅम वजनाच्या या भरदार नाण्यावर क्वाउतेमोक आहे, अझ्टेकांचा शेवटचा राजा. १५२१ साली तो पकडला गेला, सोन्याचा ठाव सांगावा म्हणून त्याचे पाय भाजले, १५२५ साली कोर्तेसने त्याला फाशी दिले. मेक्सिकोच्या क्रांतीने जमिनीचे वाटप केले होते, विशेषतः १९३४ ते १९४० या कार्देनासच्या कारकिर्दीत, म्हणून या नाण्याला काही पाया आहे. पण हरलेल्या राजाचा देखणा चेहरा राष्ट्राचा चेहरा झाला, तेव्हा त्याच्या भाषेचे वंशज शाळेत मात्र स्पॅनिश शिकून 'मेक्सिकन' होण्याची वाट पाहत होते. राजाचा गौरव आणि प्रजेच्या भाषेची उपेक्षा, या नाण्यात दोन्ही आहे.

येथे संग्राहकांच्या एका सवयीबद्दल बोलले पाहिजे, कारण तिच्यात सगळा दृष्टिकोन साठलेला आहे. नाण्याची प्रत ठरवताना ते जितके कमी हाताळलेले तितके श्रेष्ठ मानतात. चलनात न गेलेले, बोटाचा ठसा न लागलेले, हातमोजे घालून पेटीत ठेवलेले नाणे सर्वात महाग. झिजलेले स्वस्त. भोक पाडलेले तर जवळजवळ भंगार. माणसांचा हात लागला की किंमत उतरते, या हिशेबाशी आपली ओळख फार जुनी आहे.

पण भोक कोणी पाडले? नवाहो लोकांना १८६४ साली अमेरिकन सैन्याने त्यांच्या भूमीतून पायी चालवत बॉस्के रेदोंदोच्या छावणीत नेले आणि १८६८ च्या तहानंतर ते परत आले. त्यांच्या कारागिरांनी अमेरिकन डॉलर आणि मेक्सिकन पेसो ठोकून, वितळवून बटणे, कंबरपट्टे, गळ्यातल्या माळा केल्या. अडचणीच्या दिवसांत त्याच माळा व्यापाऱ्याकडे गहाण पडत. आपल्याकडेही आदिवासी आणि बंजारा बायांच्या गळ्यात व्हिक्टोरिया राणीच्या आणि पाचव्या जॉर्जच्या रुपयांच्या माळा असत, आणि दुष्काळ आला की एकेक रुपया माळेतून सुटून सावकाराच्या पेटीत जाई. राणीचा चेहरा तिथे कोणी मिरवत नव्हते, तो भाकरीचा साठा होता. नाणेशास्त्राच्या पुस्तकात ज्याला 'खराब झालेले' म्हणतात, त्या भोकातच या लोकांचा इतिहास आहे.

मात्र या भोकाचेही भाबडे कौतुक करून चालणार नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना सांगितले, की ज्या कपड्यांवरून आणि दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येते ते टाकून द्या. दागिना ही नेहमीच हौस नसते, कधी ती जातीची पाटीही असते, हे त्यांनी ओळखले होते. तेव्हा लोकांच्या अंगावरच्या चांदीत आपण उगाच 'संस्कृती' शोधत बसू नये. ती पोटासाठी साठवलेली मिळकत होती आणि कित्येकदा खूणगाठही. दोन्ही गोष्टी नोंदल्या पाहिजेत.

आता आपल्या नाण्यांकडे येऊ. दलित आणि मूलनिवासी हे दोन शब्द आज पुष्कळदा एका दमात उच्चारले जातात. येथे एक सावधगिरी हवी. 'शूद्र पूर्वी कोण होते' या १९४६ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी आर्य वंशाचा सिद्धांत तपासून नाकारला. अस्पृश्यतेचे मूळही त्यांनी रक्तात शोधले नाही. तेव्हा तुपाक अमारूशी आपले नाते जोडायचे ते रक्ताचे म्हणून जोडू नये. हिसकावलेल्या जमिनीचे, वेठीचे आणि नाकारलेल्या माणूसपणाचे ते नाते आहे. तेवढे पुरेसे आहे.

१९९० साली, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीनिमित्त, भारत सरकारने त्यांच्या चेहऱ्याचे एक रुपयाचे नाणे काढले. ते चांदीचे नव्हते, तांबे आणि निकेलचे होते. दगडावर वाजवा. त्याच वर्षी त्यांना भारतरत्न जाहीर झाले, आणि त्याच वर्षी बौद्ध झालेल्या दलितांना अनुसूचित जातींच्या यादीत घेणारा कायदा संसदेने केला. १९५६ च्या धर्मांतरानंतर चौतीस वर्षे रखडलेला हक्क मिळाला. त्या रुपयाबरोबर काहीतरी आले.

आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो रुपया चालला. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी दुकानदार अस्पृश्याचा पैसा हातात घेत नसे. तो उंबऱ्यावर ठेवायला लावी, त्यावर पाणी शिंपडी आणि मग उचली. पैशाचा विटाळ पाण्याने जाई, माणसाचा जात नसे. १९९० नंतर त्याच पेठांतल्या गल्ल्यांत बाबासाहेबांचा चेहरा दिवसातून शंभर वेळा हाताळला गेला. कोणी पाणी शिंपडले नाही. 'रुपयाचा प्रश्न' हा ग्रंथ १९२३ साली लिहून, चलनाचे मूल्य स्थिर हवे असा आग्रह धरणाऱ्या माणसाचा चेहरा रुपयावर, आणि तो रुपया सर्वांच्या बोटांत. संग्राहकाच्या यादीत या नाण्याला किंमत नाही, कारण ते मुबलक आहे आणि झिजलेले आहे. माझ्या लेखी त्याची झीज हाच त्याचा सन्मान आहे.

६ डिसेंबर २०१५ रोजी, सव्वाशेव्या जयंती वर्षात, १२५ रुपयांचे नाणे निघाले. यात निम्मी चांदी आहे. ते चलनात नाही, नोंदणी करून दर्शनी किमतीपेक्षा जास्त पैसे देऊन घ्यावे लागले, आणि घेतलेल्यांनी ते पेटीत ठेवले. त्याबरोबर दहा रुपयांचेही नाणे निघाले, हे नोंदले पाहिजे. पण गाजावाजा चांदीचा झाला. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, १७ जानेवारी २०१६ रोजी, हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनचा संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला याचा मृत्यू झाला. वसतिगृहातून काढल्यामुळे तो आणि त्याचे सहकारी उघड्यावर राहत होते. बाबासाहेब चांदीत, आणि त्यांचे नाव घेणारी मुले तंबूत. १९५८ च्या टोटेम खांबाची आठवण होते ती येथे.

१५ नोव्हेंबर २०२४ रोजी बिहारमधल्या जमुई येथे बिरसा मुंडा यांच्या स्मरणार्थ नाणे आणि टपाल तिकीट निघाले. बिरसा यांचा मृत्यू ९ जून १९०० रोजी रांचीच्या तुरुंगात झाला. त्यांच्या उलगुलानचा परिणाम म्हणून १९०८ चा छोटा नागपूर कुळकायदा आला, ज्याने आदिवासींची जमीन बाहेरच्यांच्या हाती जाण्याला आवर घातला. म्हणजे बिरसांनी आपल्या लोकांसाठी कायदा आधी मिळवला, नाणे शंभराहून अधिक वर्षांनी आले. आता या नाण्याचा आवाज कसा आहे? २००६ साली वनहक्क कायदा झाला. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना जंगलातून काढण्याचा आदेश दिला आणि २८ फेब्रुवारीला त्याला स्वतःच स्थगिती दिली. त्या पंधरवड्यात लाखो घरांवर टांगती तलवार होती. जोवर त्या दाव्यांचा न्याय्य निकाल लागत नाही, तोवर बिरसांच्या नाण्याचा आवाज कसा लागतो हे प्रत्येक वनपट्टाधारकाला विचारावे लागेल. सरकारी समारंभातल्या टाळ्या हा त्याचा निकष नव्हे.

मग त्या विद्यार्थिनीला उत्तर काय द्यायचे? ही नाणी टाकून द्यावी असे मला वाटत नाही. टाकून दिली तर ती फक्त त्यांच्याच संग्रहांत राहतील जे त्यांना 'सन्मान' म्हणतात, आणि तो शब्द तपासणारे कोणी उरणार नाही. पण ती अभिमानाची वस्तू म्हणून जपणेही चूक आहे. ती पुरावा म्हणून जपावी. ज्या सत्तेने घेतले, तिनेच आपल्या हाताने, आपल्या टांकसाळीत, सालासकट लिहून दिलेला हा कबुलीजबाब आहे. साल महत्त्वाचे. सालामुळेच तो कायद्याच्या पुस्तकाशी जुळवता येतो.

म्हणून शिक्षकांना आणि अभ्यास मंडळांना माझी सूचना साधी आहे. महागडी चांदी विकत घेण्याची गरज नाही, चित्रांवरही काम भागते. प्रत्येक नाण्याच्या खाली चार ओळी लिहाव्या: ते कोणी पाडले, त्याचा पैसा कोणाकडे गेला, त्या वर्षी चेहऱ्याच्या धन्याला मत होते का, आणि त्याची जमीन कोणाच्या नावावर होती. ऑरेगनच्या नाण्याखाली १८८७ चा कायदा लिहावा, खांबाच्या नाण्याखाली १९६० साल लिहावे, १९९० च्या रुपयाखाली त्याच वर्षाचा बौद्धांच्या हक्काचा कायदा लिहावा. मुले स्वतः वाजवून पाहतील. आणि ज्यांच्याकडे आजीच्या माळेतला एखादा भोकाचा रुपया उरला असेल, त्यांनी तो सराफाला देण्यापूर्वी तो कोणत्या दुष्काळातून वाचला, कोणत्या पेटीत जाता जाता राहिला, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. त्या नोंदी आपल्याजवळ नाहीत, आणि त्या करणाऱ्या पिढीतली माणसे आता थोडीच उरली आहेत.